मावशींची पंगत आणि साहेबांचं भाषण

अन्याय झाला तो विश्रांतवाडीतल्या आमच्या खानावळीच्या मावशींवर, आणि झाला गेल्या निवडणुकीच्या निकालानंतरच्या पहिल्याच रविवारी, दुपारच्या जेवणाला.

मावशींची पंगत असते. साताऱ्याचा, वर्ध्याचा, बिहारचा, सगळे एका सतरंजीवर. नियम एकच: शेवटच्या ताटात वरण पडेपर्यंत पहिल्यानं घास उचलायचा नाही. एकदा घाईत मी उचलला, तर म्हणाल्या, "तुज्या सभेला उशीर झाला तरी देश थांबल. ठेव खाली."

अशा बाईचं मत मी साहेबांसाठी, म्हणजे मी ज्यांचा प्रचार करत होतो त्या उमेदवारासाठी, मागितलं होतं. माझ्या पत्रकावर ठळक छापलं होतं, 'साहेब देश एक ठेवतील.' मावशींनी ते भिंतीला चिकटवलं आणि मतही दिलं.

निवडून आलेल्या साहेबांनी शनिवारच्या विजयसभेत शहराचे दोन भाग केले: आपले आणि बाहेरचे. टाळ्या पडल्या. साताऱ्याच्या आमच्या पोरानंही वाजवल्या.

रविवारी बिहारचे दोघं डबे घेऊन दारातच उभे. "मौसी, डब्बा भर दो. रूम पे खा लेंगे."

मावशींनी डब्यांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "काय रं पत्रकवाल्या, तुजा सायेब देश एक ठेवनार व्हता ना? माजी पंगत तरी ठेवायची व्हती." मग दाराकडे वळून म्हणाल्या, "डबा मिळनार नाय. ताटं मांडल्यात."

नियम तो नियम. दोन ताटं रिकामी, म्हणून कुणीच जेवेना. वरणावर साय धरली. शेवटी साताऱ्याचाच उठला आणि दारात जाऊन म्हणाला, "चला रे, भूक लागलीय." ते आले. बसले मात्र सतरंजीच्या टोकाला. पूर्वी मध्ये बसून आमच्या ताटातलं लोणचं पळवायचे.

मी साहेबांच्या कार्यालयात जाऊन विचारलं. तिथले म्हणाले, "अहो, सभेत असं बोलावं लागतं. मनावर नसतं घ्यायचं." मावशींना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग मत बी मनावर घेऊ नका म्हनावं." आणि मला जास्तीची पोळी वाढली.

ते दोघं अजून टोकालाच बसतात. म्हणून तुम्हाला सांगतो: पुढच्या वेळी कुणी एकीचं पत्रक घेऊन दारात आला, तर त्याला विचारा, निकालानंतर आमच्यातलं बाहेरचं कोण ठरणार आहे? उत्तर मिळेपर्यंत पत्रक घेऊ नका. माझ्या हातचंही नको.