देवनागरी आकड्यांची पाणबुडी

समोरच्या घरात खिडक्यांच्या गजांना सकाळपासून रंग चाललाय. ऑइलपेंट आणि टर्पेंटाइन यांचा तो मिसळलेला वास दारं लावून घेतली तरी फटीफटीतून आत येतो, पडद्यांत मुरतो, चहाच्या कपावरही तरंगतो. शेजारीण मघाशी येऊन म्हणाली, "मावशी, डोकं दुखत असंल तर आमच्या मागच्या खोलीत येऊन पडा." मी नको म्हटलं. डोकं दुखतंय हे खरं, पण आता उठून कुठं जायचं म्हणजे गुडघ्यांची मनधरणी करावी लागते. आणि या वासाशी माझी जुनी भांडणं आहेत. एके काळी आमच्या घरात याच वासानं बिऱ्हाड केलं होतं. आमटीलासुद्धा रंगाचा वास येतो, असं मी चिडून म्हणायचे, आणि आमचे हे शांतपणे आमटी ओरपत म्हणायचे, "येऊ दे की. पोटात गंज धरायचा न्हाय."

हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका इंजिनांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मूळचे शिरोळकडचे, शेतकऱ्याघरचे. बोलणं अखेरपर्यंत तिकडचंच राहिलं, मोठं आणि रोखठोक. हात मात्र त्या बोलण्याशी काही नातं नसल्यासारखा हळुवार. ट्रेसिंगच्या कागदावर शाईची रेघ ओढायला लागले की शेजारी कुणी शिंकलं तरी रेघ हलायची नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांचं एक ड्रॉइंग पाहिलं तेव्हा मला ते छापलेलंच वाटलं होतं. चाळिशी उलटली आणि त्याच हातात चहाची बशी वाजायला लागली. बरेच दिवस आम्ही दोघांनीही ती ऐकली नाही असं दाखवलं. मग डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, कंपवात. कारखान्यातल्या लोकांनी माणुसकी ठेवली, त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. पण ड्रॉइंगच्या बोर्डापासून उठवलेला माणूस घरी येऊन भिंतीकडं बघत बसायचा, आणि मी स्वयंपाकघरातून त्यांच्या पाठीकडं.

ऐंशी सालाच्या आगेमागे माझे धाकटे दीर सुट्टीवर आले. भाऊजी आरमारात, तेही पाणबुडीवर होते. घरी आले की सगळं बोलायचे, पाणबुडीचा विषय निघाला की नुसतं हसायचे. "दादा, ते सोडून काय बी विचार," म्हणायचे. त्या खेपेला त्यांनी परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून एक रेडिओचा संच आणला होता. हातात धरायची एक पेटी, तिला लांब एरियल आणि अंगठ्यांनी हलवायच्या दोन दांड्या. दुसरी छोटी पेटी होडीत बसवायची, की काठावर उभं राहून होडी हवी तशी वळवता येते. यांनी ती पेटी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "होडी कशाला? मी पाणबुडीच करतो की. तू सांगू नगंस, माझी मी करतो." त्या रात्री जेवताना मला म्हणाले, "हात पुरता जायच्या आत ही तयार करायची. आन् एकदा, एकदाच, रंकाळ्यात माझ्या हातानं चालवायची." मी त्यांना आमटी वाढली. बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पाणबुडीचं धड लवकर झालं. शेतातल्या पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपचा तुकडा, पुढं-मागं लेथवर कातून घेतलेलं सागवान, आत टेपरेकॉर्डरची मोटर. कारखान्यातल्या मंडळींनी हातभार लावला आणि गणपतीच्या सुमाराला ती आमच्या मोरीतल्या हौदात तरंगायला लागली. मला वाटलं, सुटले! पण यांच्या लेखी खरं काम तिथून पुढं सुरू झालं. मासिकातून कापलेलं एक चित्र भिंतीला डकवलं होतं. त्या चित्रात जे जे दिसतं ते ते हिच्या अंगावर यायला पाहिजे, असा हट्ट. स्टोव्हच्या पिनांचं रेलिंग, बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा पेरिस्कोप, बंद पडलेल्या घड्याळातलं दातेरी चाक म्हणजे वरच्या झाकणाची मूठ. पत्र्याच्या जोडांवरचे रिबिट तर विचारूच नका. सुईच्या टोकावर सरसाचा थेंब घेऊन एकेक ठिपका टेकवायचा, तो वाळला की पुढचा. आणि वर काहीही चिकटवलं की ती एका कुशीवर कलायची. मग पोटात शिशाचा तुकडा वाढवायचा, की जड होऊन बुडायची. मोटर थांबली की तिनं आपोआप वर यायला हवं, इतपतच ती जड असायला हवी. म्हणजे पुन्हा हौद, पुन्हा तोल. सकाळी नळाला आलेलं पाणी मी भरून ठेवायचे आणि दुपारी त्यावर रंगाचा तवंग.

हे सगळं करणारा हात यांचा नव्हता, हे आता सांगायला हवं. पहिले काही रिबिट त्यांनी टेकवले, ते वेडेवाकडे सांडले. त्यांनी सुई माझ्यापुढं धरली. मी शाळेत शिकवून दमून आलेली, समोर वह्यांचा गठ्ठा, गॅसवर कुकर. पण घेतली सुई. त्या दिवसापासून माझा हात त्यांच्याकडं कामाला लागला. "जरा डावीकडं. आगं, डावीकडं म्हणतोय! हां. आता सोड." शाळेत दिवसभर मी पोरींना सूचना द्यायचे आणि संध्याकाळी हे मला. मी वैतागायचे. ब्रश फेकून उठायचे. एकदा तर मी म्हणाले, "तुमची पाणबुडी माझ्या अंगावरूनच चाललीय." तेव्हा हे खो खो हसले. प्रेमानं करत होते असं म्हणायला लोकांना आवडतं, मलाही आवडेल. खरं म्हणजे मी थकून करत होते. थकलेलं माणूस पुष्कळ गोष्टी नुसत्या हातासरशी करतं. त्यातलं प्रेम कुठलं आणि सवय कुठली, हे निवडत बसायला त्याला उसंत नसते. मला तर अजूनही ते निवडता आलेलं नाही.

मग आकड्यांचं झालं. पाणबुडीच्या तोंडाशी, ती पाण्यात किती बुडाली हे कळायला, एकाखाली एक बारीक पांढरे आकडे लिहिलेले असतात. यांनी पेन्सिलीनं खुणा करून दिल्या. म्हणाले, "खालून वर आकडे घाल, मी दळण घेऊन येतो." चाचणी परीक्षेचे दिवस होते. आठवडाभर गुण लिहून लिहून माझ्या बोटांना दुसरं काही सुचत नव्हतं. मी जीव लावून, श्वास धरून आकडे काढले. काय सुरेख आले होते! तीनाचं पोट, पाचाची शेपटी, सगळं मोहरीएवढं आणि रेखीव. हे आले, चष्मा लावला, वाकले.

"हे काय घातलंस?"

"आकडे."

"आगं, ३, ४, ५! पाढ्यांचं पुस्तक हाय व्हय ही? आरमारात इंग्रजी आकडं असत्यात!"

खरंच की. मला आधी हसू आलं, मग रडू. एवढी मेहनत! यांना मात्र हसू आलं नाही. चित्रात असेल तस्संच पाहिजे, हा बाणा. दाढीचं पातं घेतलं आणि स्वतःच खरवडायला बसले. मी म्हटलं, "थांबा, मी पुसते." थांबले नाहीत. पातं आकड्याला लागलंच नाही. हात उडाला आणि पाणबुडीच्या तोंडापासून पोटापर्यंत एक पांढरा ओरखडा उठला. कितीतरी दिवसांचा रंग त्यात गेला. त्यांनी पातं हळूच खाली ठेवलं, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि म्हणाले, "हात गेला गं." डॉक्टर म्हणाले होते, भाऊजी म्हणाले होते, मी मनातल्या मनात रोज म्हणत होते. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या शेजारी फरशीवर बसून मी खूप रडले. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, कुणी उठलं नाही.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "राहू दे मराठी. आपलीच हाय न्हवं?" ओरखड्यावर मी गंजाचा रंग भरला. कुठल्यातरी धक्क्याला घासली असं समजायचं, असं आमचं ठरलं. मग म्हणाले, "या रविवारी रंकाळा." मी म्हटलं, मागचं रेलिंग राहिलंय. "राहू दे," म्हणाले. एक रिबिट चुकला तर जेवणावरून उठणारा माणूस अख्खं रेलिंग राहू दे म्हणतो, तेव्हा घाई कसली आहे ते बायकोला वेगळं सांगावं लागत नाही.

रविवारी सकाळी रंकाळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही दोघंच गेलो. कुणाला सांगितलं नव्हतं. पण आपल्या कोल्हापुरात काठावर दोन माणसं वाकून काही बघत असली की तिसरा येतोच, आणि तिसरा आला की गाव येतं. म्हशी धुणारा एकजण पाण्यातूनच ओरडला, "ओ पावणं, काय हाय ते?"

"पाणबुडी!"

"आन् बुडली म्हंजे?"

"बुडायलाच केलीया!" हे ओरडले. सगळे हसले, हेही हसले. मला जरा बरं वाटलं.

मग त्यांनी पेटी हातात घेतली. मोटर घुरघुरली, पाणबुडी पायरीपासून सुटली. आणि अंगठे थरथरायला लागले. हाताची थरथर दांडीत, दांडीची सुकाणूत. ती डावी-उजवी, डावी-उजवी अशी झोकांड्या खात चालली. "आवं, ही तर सकाळीच टाकून आलीया!" कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा. माणसं वाईट नव्हती, त्यांना काय ठाऊक? पण यांचा चेहरा उतरला. कान लाल झाले. मी हात पुढं केला, हळू म्हटलं, "द्या माझ्याकडं." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "न्हाय," म्हणाले, आणि दुसरी, खाली-वर करायची दांडी पुढं लोटली. पाणबुडीनं तोंड खाली घातलं. आकडे एकेक करून पाण्यात गेले, मग रेलिंग, मग पेरिस्कोपचं टोक. वर नुसतं पाणी राहिलं.

लोक पायऱ्या उतरून पुढं वाकले. हे एकटक पाण्याकडं बघत होते, अंगठे तसेच थरथरत होते. मला भीती वाटायला लागली. तळाच्या गवतात अडकली तर? "वर काढा आता," मी म्हटलं. ते म्हणाले, "राहू दे की जरा. खाली गेल्यावर कुणाला दिसत न्हाय." त्यांचे खांदे खाली आले होते. किती महिन्यांनी मी त्यांना असं सैल उभं राहिलेलं पाहत होते. मी पुन्हा काढा म्हटलं नाही.

मग त्यांनी मोटर थांबवली आणि आम्ही सगळे पाण्यावर डोळे फिरवत राहिलो. ती वर आली ती आमच्या नजरेच्या भलत्याच बाजूला, म्हशींच्या पलीकडं, ओली आणि चकाकती. म्हशीवाल्यानं आरोळी ठोकली. लोकांनी टाळ्या पिटल्या. हे माझ्याकडं वळून म्हणाले, "तिथंच आणायची हुती मला."

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. पुढं पुढं घासही मीच भरवायचे, शर्टाची बटणंही मीच लावायचे. मी थकले, फार थकले, आणि तो थकवा ते गेल्यावरही गेला नाही. पाणबुडी परत पाण्यात घातली नाही. त्या सकाळी पाण्याखाली ती सरळ गेली की झोकांड्या खात गेली, ते कुणालाच दिसलं नाही. खरंच तिथं आणायची होती का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तेव्हा पायरीवर मी एवढंच म्हणाले होते, "व्हय, अगदी तिथंच." जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलले होते.