पिकअपचं तोंड

आमच्या घरात हात आधी उठायचा आणि शब्द मागून यायचे. बाप याडीला मारायचा, म्हणजे माझ्या आईला. थोरला भाऊ मला मारायचा आणि मी बैलांना. बाप वारल्यावर त्याची काठी भावानं उचलली, तेव्हा तांड्यात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मी काही गरीब गाय नव्हतो. माझं डोकं त्याच्यापेक्षा लवकर तापायचं, पण मी आठ वर्षांनी धाकटा असल्यामुळे मार खायची पाळी माझी होती.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा केळापूरच्या पलीकडे, नाल्याच्या काठाला. आजा बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोणी लादून तेलंगणापर्यंत जायचा. बापाच्या वाट्याला शेती आली आणि त्यानं ती रडतखडत केली. भावाचं मन मात्र शेतीत कधी रमलं नाही. लष्करानं वापरून मोडीत काढलेली एक जुनी पिकअप त्यानं नागपुराहून आणली आणि आम्ही पुन्हा मीठ वाहू लागलो. मीठ, गूळ, कापडाचे गठ्ठे, कधी बकऱ्या. घाटंजीचा बाजार, पांढरकवड्याचा बाजार आणि झरीकडची जंगलातली गावं. भाऊ गाडी चालवायचा आणि मी किन्नर, म्हणजे गाडीवरचा हरकाम्या. चोवीस वर्षांचा झालो, मिशा आल्या, तरी किन्नरच.

ती गाडीही मारकुटी होती. एकदा पुढून हँडल मारून सुरू करताना ते उलटं फिरलं आणि माझं मनगट मोडलं. मी मनगट धरून खाली बसलो तर भाऊ उतरून आला आणि त्यानं माझ्या कानाखाली आवाज काढला.

"अंगठा वर कायले ठेवला बे? किती खेपा सांगतलं?"

त्याचं बरोबर होतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो. पण मोडलेल्या मनगटाला बरोबर काय आणि चूक काय. मी त्याच्या आईला शिवी दिली, ती माझीही आई होती हे विसरून, आणि त्याबद्दल आणखी दोन खाल्ल्या.

खरा वैताग होता गाडीच्या बॉनेटचा. ते दोन्ही बाजूंनी पाखांसारखं उघडायचं आणि मधे इंजिन खोल विहिरीत बसलेलं. खालचा एखादा नट ढिला झाला तर तापल्या मडगार्डवर पोट टेकून, डोकं आत घालून काम करावं लागे. पाना सटकला की बोटांची सालटं जायची. झरीच्या रस्त्यावर एकदा रेडिएटरचं झाकण उडालं आणि उकळतं पाणी भावाच्या मानेवर आलं. तो बैलासारखा हंबरला, मग दगड उचलून त्यानं बॉनेटवर घातला. तो पोचा पुढे कायमचा राहिला.

पांढरकवड्याला रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्या मिस्त्रीचा टिनाचा शेड होता. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. आवाज न चढवता बोलणारा, पाच वेळा नमाज पढणारा माणूस. लष्कराच्या वर्कशॉपात त्यांनी काही वर्षं काढली होती आणि तिथे एक गाडी पाहिली होती, जिचं बॉनेट, जाळी, दोन्ही मडगार्डं असं सगळं तोंड एका तुकड्यात पुढे झुकायचं. इंजिन चहूबाजूंनी मोकळं. चाचांनी हे सहज सांगितलं आणि भावाच्या डोक्यात ते भूत शिरलं. आपल्याही गाडीचं तोंड असंच उघडलं पाहिजे.

काम सुरू व्हायच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं. दारव्ह्याकडच्या एका तांड्यातून माझ्यासाठी मुलगी सांगून आली होती. तिचा बाप आणि काका मला बघायला घाटंजीच्या बाजारात आले. मी गुळाच्या भेल्या उतरवताना एक हातातून निसटून फुटली. भावानं तिथेच, त्या दोघांच्या देखत, माझ्या तोंडावर चपराक मारली. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. मुलगी मी पाहिलीही नव्हती, पण ती चपराक मला झोपेतही लागायची. त्या दिवसापासून भावाला एकदा तरी रडवायचं, हे मी मनाशी धरून होतो.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गाडी चाचांच्या शेडमध्ये लागली. छिन्नी आणि घणानं तिचं तोंड धडापासून तोडलं. आठ दिवस कानात तोच ठणाणा होता. बॉनेटची दोन पाखं जोडून एक केली, आतून पाइपाचा सांगाडा बांधला, मडगार्डं त्याला जखडली. रेडिएटर मात्र चेसिसवर वेगळा उभा केला. मग पुढे बिजागऱ्या. भावानं घाई करून त्या बंपरच्या वर बसवायला लावल्या. पहिल्यांदा तोंड उचललं तर मडगार्डची मागची खालची कड मागे सरकली आणि दारात घुसली. भावानं दाराला लाथ घातली, मग मला.

चाचांनी खोक्याचा पुठ्ठा घेतला, तोंडाच्या आकारात कापला आणि एका खिळ्यावर फिरवून दाखवला. खिळा वर असला की खालची कड मागे जाते. खिळा त्या कडेच्याही खाली नेला की सगळं वर आणि पुढेच जातं.

"लोहा भी सुनता हाय," चाचा म्हणाले. "पण मारल्यानं नाही, बेटा."

बिजागऱ्या काढून खाली न्यायच्या होत्या. तोवर तोंड अर्धंच उघडत होतं. अर्ध्यावर ते स्वतः थांबत नसे, सोडलं की धाडकन मागे पडायचं. म्हणून शेडसमोरच्या चिंचेच्या फांदीला कप्पी लावून दोर बांधला होता. दोर ओढून तोंड उचलायचं आणि आत लाकडी टेकू द्यायचा. चाचांचा नियम होता की टेकू दिल्याशिवाय खाली कुणी हात घालायचा नाही.

एका दुपारी चाचा नमाजेला गेले. भावाला तेवढाही धीर नव्हता. कुठे किती घासतं त्याच्या खुणा त्याला तेव्हाच करायच्या होत्या. टेकू आडवा येत होता म्हणून त्यानं तो काढून फेकला, मला दोर धरायला लावला आणि स्वतः आत वाकला. मडगार्डच्या कडा नुकत्या कापलेल्या, अजून कानस न लावलेल्या होत्या. तोंड जड होतं पण पेलत होतं. मी घामानं निथळत होतो. दोर जरासा हलला.

"नीट धर बे," भाऊ आतून म्हणाला. "हात हायेत का गोवऱ्या? म्हणूनच त्या पोरीच्या बापानं तोंड फिरवलं. बायको तरी धरता आली असती का तुले?"

आणि तो हसला.

दोर माझ्या हातातून सुटला नाही. मी तो सोडला. दोन्ही हात, दहाही बोटं उघडली. एवढं एक वाक्य लिहायला मला आयुष्य लागलं, म्हणून ते सरळच लिहितो.

तोंड खाली आलं तेव्हा आधी लोखंडाचा आवाज झाला आणि मग भावाचा. त्याचा उजवा हात कोपराच्या वर मडगार्डच्या कडेखाली सापडला होता. कड हाडापर्यंत गेली होती. रक्त इंजिनावर पडून चरचरत होतं, कारण थोड्याच वेळापूर्वी ते चालवून पाहिलं होतं. मी धावलो, हे खरं. ओरडलो, हेही खरं. चाचा आणि चहाच्या टपरीवरची माणसं आली, वाशानं तोंड उचललं, भावाला काढलं. एका कापसाच्या ट्रकनं त्याला दवाखान्यात नेलं. मीही चढत होतो, पण चाचांनी माझा सदरा धरला.

"तू थांब."

लोक गेल्यावर त्यांनी दोर उचलला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातानं चाचपला. कुठे तुटला नव्हता, विरला नव्हता. मग माझे दोन्ही तळवे उलटे करून बघितले. घाम होता, ग्रीस होतं, बाकी काही नव्हतं.

"दोर सुटते तं हात सोलून जाते, बेटा," ते म्हणाले. "तुहे काहून नाही सोलले?"

चाचांनी दोर माझ्या मुठींत दिला.

"बंद कर मुठी. घट्ट."

त्यांनी दुसरं टोक कमरेला गुंडाळलं आणि पाठ फिरवून पळाले. साठीचा माणूस, पण घण मारणारा. दोर माझ्या तळव्यांतून विस्तवासारखा गेला. मी किंचाळलो. त्यांनी पुन्हा दोर दिला. तीनदा. तिसऱ्यांदा मूठ मिटता येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांनी ती मिटवली. कातडं दोराला चिकटून गेलं होतं.

"तुह्या मायले मी काय सांगू? पोलिसाले काय सांगू?" ते धापा टाकत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर राग. "एकाचा हात गेला. तू जेलात गेला तं त्या घरात कमावणारे हात राहते किती?"

मग त्यांनी माझे हात धुतले, फडक्यात बांधले आणि मला दवाखान्यात पाठवलं. या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत.

भावाचा हात कापावा लागला नाही, पण कोपराखाली तो मेला. दोन दिवसांनी तो नीट शुद्धीवर आला तेव्हा मी खाटेशी बसलो होतो. त्यानं माझ्या हातांच्या पट्ट्या पाहिल्या. त्यातून पाणी झिरपत होतं.

"सोडला नाही तू," तो म्हणाला. "चामडी गेली तरी सोडला नाही."

आणि तो रडला. त्याला एकदा रडवायचं होतं ना मला? तो माझ्या मांडीवर डोकं घालून रडला आणि मी दगडासारखा बसून राहिलो. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर भावजय आम्हा दोघांना भरवायची. एक घास त्याला, एक मला, एकाच हातानं, एकाच ताटातली ज्वारीची भाकर दुधात कुस्करून. "भाऊजी, तुमच्यानं वाचले हे," म्हणायची. मी तिच्या तोंडाकडे न बघता तो घास गिळायचो.

चाचांनी काम एकट्यानं पुरं केलं. बिजागऱ्या खाली नेल्या, धार राहू नये म्हणून सगळ्या कडा तारेवर दुमडल्या, तोंड पुढे जास्त पडू नये म्हणून साखळी आणि मागे पडू नये म्हणून पिनेचा लोखंडी टेकू दिला. ते तोंड आता एका हातानं उघडायचं. बाजारात माणसं गोळा व्हायची. गाडी मी चालवू लागलो आणि भाऊ शेजारी बसायचा. लोकांना तो आधी तोंड उघडून दाखवायचा आणि मग माझ्याकडे वळायचा.

"दाखव बे हात. पाहा, हे हात पाहा. सारी चामडी गेली, पण भावाले सोडलं नाही यानं."

मी हात पुढे करायचो. तळव्यांवरचं कातडं गुळगुळीत, चकाकतं झालं होतं. माझं लग्न त्याच हातांवर जमलं. सासऱ्यानं गोष्ट ऐकली आणि भावाला असं जपणाऱ्याच्या घरी मुलगी सुखी राहील म्हणाला. त्या काळात भावानं माझ्यावरच काय, कुणावरच हात उचलला नाही.

चार वर्षं मी हे सोसलं. मग एका बाजाराच्या दिवशी सकाळी, झरीहून येताना, गाडी तापली म्हणून थांबवून तिचं तोंड उघडलं. बांबू तोडणारी काही माणसं जवळ आली. भावानं त्यांना सगळी गोष्ट सांगितली, मी हात दाखवले, ती गेली. भाऊ डाव्या हातानं पाण्याचा डबा धरून उभा होता, खूश होता. माझं डोकं फिरलं. त्याच्यावर नाही, माझ्यावर.

"भिया, दोर मी सोडलता," मी भावाला म्हणालो. "दोर सुटला नव्हता. मी सोडलता. हात चाचानं सोलले."

तो आधी हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. डबा त्यानं माझ्या तोंडावर हाणला. माझा ओठ फाटला आणि दात हलला. मी मडगार्डवर पडलो. तो डाव्या हातानं मारत होता, लाथा घालत होता, मेलेला उजवा हात उगाच इकडेतिकडे झुलत होता. मी हात वर केले नाहीत. मला वाटत होतं की यानं थांबू नये. शेवटी तोच दमून खाली बसला.

"काहून?" त्यानं विचारलं.

"तू हसला म्हून."

"त्या पोरीवरून?"

"हो."

तो उठला, टेकूची पिन काढली, एका हातानं गाडीचं तोंड बंद केलं आणि दोन्हीकडच्या कड्या लावल्या.

"चाल. बाजार होऊन जाईन."

घाटंजीला चहाच्या दुकानात नेहमीची माणसं होती. कुणीतरी माझ्या फाटक्या ओठाचं विचारलं. "पडला," भाऊ म्हणाला. मग त्यानं कप खाली ठेवला आणि गोष्ट सुरू केली. चिंच, कप्पी, दोर, कापलेली कड. एक शब्द गाळला नाही. आवाज मात्र रोजच्यापेक्षा मोठा होता, आणि एरवी लोकांकडे बघून सांगणारा तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून सांगत होता.

"दाखव बे हात," तो म्हणाला.

मी दाखवले. तो जिवंत होता तोवर दर बाजारी त्यानं ती गोष्ट सांगितली, आणि दर वेळी मी हात पुढे केले.