रेघेखालची गल्ली

माझ्या सासऱ्यांचा हात फार स्थिर होता, असं सगळे म्हणतात. हाताचं मला माहीत नाही. पाठीला कणा मात्र नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

ते सरकारी नकाशा विभागात ड्राफ्ट्समन होते. आमचा विधानसभा मतदारसंघ पहिल्यांदा आखला गेला तेव्हा ते नुकते नोकरीला चिकटले होते, आणि पुढे त्याच्या हद्दी बदलल्या तेव्हा ते मुख्य ड्राफ्ट्समन व्हायच्या बेतात होते. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं मानपत्र चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत टांगलंय: 'छत्तीस वर्षांत एकही रेघ चुकली नाही.' पाहुणा आला की पाणी विचारायच्या आधी ते त्याला या चौकटीपुढे उभं करत.

मतदारसंघाचा इतिहास सांगायला वेळ लागत नाही, कारण त्यात घडलंय काय? पहिल्या तीन निवडणुका एका निवृत्त मुख्याध्यापकांनी जिंकल्या. सभागृहात ते पंधरा वर्षं बसले आणि एकदाच बोलले, तेही खिडकी लावून घ्या असं सांगायला. मग एक कंत्राटदार निवडून आला. त्याने बांधलेला पूल पहिल्याच पुरात वाहून गेला, तरी उद्घाटनाचा दगड तेवढा शाबूत राहिला, आणि त्या दगडावर तो पुढची निवडणूक जिंकला. पण गिरणी कामगार या खेपेला आपल्याला पाडणार, याचा त्याला वास लागला. कामगारांची मनं वळवण्यापेक्षा त्यांची वस्तीच शेजारच्या मतदारसंघात ढकलणं त्याला सोपं वाटलं. समिती नेमली गेली, समितीने माना डोलावल्या, आणि गिरणीपर्यंत सरळ आलेली हद्द तिथे एकाएकी वाकडी झाली.

ती रेघ सासऱ्यांनी काढली. नकाशा लहान आणि रेघ जाड. गिरणीमागची आमची गल्ली बरोबर तिच्याखाली झाकली गेली. उत्तरेच्या मतदार यादीवाल्याने रेघेच्या वरची घरं उतरवून घेतली, दक्षिणेच्या यादीवाल्याने खालची. मधली एक्केचाळीस घरं कुणालाच दिसली नाहीत. एकानेही उठून गल्लीत येऊन बघायचे कष्ट घेतले नाहीत, कारण नकाशात गल्ली नव्हतीच.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. मतदान केंद्रावर गेलं की उत्तरेकडचे म्हणत, "तुमचं नाव पलीकडे असेल." पलीकडचे म्हणत, "अहो, अलीकडे बघा." अर्ज केला की तो शिक्के गोळा करत हिंडायचा आणि हिंडता हिंडता नाहीसा व्हायचा. गटार तुंबलं, दिवे गेले, तरी दोन्ही आमदार हात झटकून मोकळे. ज्या गल्लीत एक मत नाही तिथे नाक मुरडायला तरी कोण येणार?

सासरे मात्र दर निवडणुकीला कडक इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत आणि बोटावरची शाई मिरवत परत येत. "सरकारी माणसांचं वेगळं असतं," असं म्हणत. आणि आम्ही खुळ्यासारखे ते खरं मानत होतो.

यंदा पुन्हा हद्दी बदलायचं ठरलं. हरकती शुक्रवारच्या सुनावणीत मांडा, अशी नोटीस लागली. हा शुक्रवार हुकला की पुढची वीस वर्षं कुणी विचारणार नव्हतं. मी एक्केचाळीस घरांच्या सह्या गोळा केल्या आणि कार्यालयात नेऊन दिल्या. अधिकारी म्हणाला, "गल्ली चुकून राहिली याला पुरावा काय? जुना कागद असेल तर आणा."

जुने कागद आमच्या कपाटावर होते, पत्र्याच्या नळीत. मी नळी उघडली. आत त्या नकाशाची छपाईआधीची प्रत होती. आमच्या गल्लीभोवती पेन्सिलीने गोल काढलेला, शेजारी सासऱ्यांच्या अक्षरात 'गल्ली राहिली', आणि खाली तारीख. म्हणजे नकाशा छापायच्या आठवडाभर आधीच त्यांना चूक दिसली होती. त्याच गुंडाळीत तीन दिवसांनंतरच्या तारखेच्या, सासऱ्यांच्याच एका अर्जाची नक्कल होती: 'माझं नाव माझ्या बहिणीच्या पत्त्यावर नोंदवावं.' नाव एकच. बायकोचं नाही, मुलाचं नाही.

मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तेव्हा बढतीची फाईल वर गेली होती. चूक दाखवली असती तर माझ्याच गळ्यात पडली असती."

"आणि आईंचं नाव का नाही घातलंत?"

"तिला काय कळतं त्यातलं," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातातलं कोरडं ताट त्या पुसतच राहिल्या.

शुक्रवारी मी नकाशा घेऊन गेले. अर्ज मात्र सासूबाईंकडे बघून घरीच ठेवला. नकाशा सासऱ्यांनीच काढलेला, म्हणून अधिकाऱ्याने त्यांनाही बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते आले. वाटेभर मान खाली घालून चालले, तेव्हा मला वाटलं, मन खात असेल. माझाच मूर्खपणा.

"हे अक्षर तुमचं का?" अधिकाऱ्याने विचारलं.

सासऱ्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला. मागे सगळी गल्ली बसली होती.

"नाही," ते म्हणाले. "आमच्या वेळी अशा चुका होत नसत."

इतकी किळस मला आयुष्यात कुणाची आली नव्हती. अधिकारी फाईल मिटायला लागला, तेवढ्यात मागच्या बाकावरून सासूबाई उठल्या.

"अक्षर यांचंच आहे. चाळीस वर्षं सामानाच्या याद्या मी याच अक्षरात वाचतेय."

"तुम्ही कोण?"

"यांची बायको."

अधिकाऱ्याचं बोट मतदार यादीवरून खाली खाली गेलं. "तुमचं नाव नाही यात. मतदार नसलेल्या माणसाची साक्ष मला नोंदवता येत नाही."

"मग यांची नोंदवा. यांचं नाव आहे की. कुठल्या पत्त्यावर आहे, ते जरा मोठ्याने वाचा."

त्याने वाचलं. दोन मैलांवरचा माझ्या आतेसासूबाईंचा पत्ता सगळ्या गल्लीने ऐकला. शेजारचा शिंपी एवढंच म्हणाला, "वा, साहेब."

"पण तुम्ही राहता कुठे?" अधिकाऱ्याने सासऱ्यांना विचारलं.

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. नेहमी त्या सावरून घेत, तसं आताही सावरून घेतील अशी त्यांना आशा असावी. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"गिरणीमागच्या गल्लीत," ते पुटपुटले.

"ऐकू येत नाही."

"गिरणीमागच्या गल्लीत!"

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं आणि सही करायला कागद त्यांच्यापुढे सरकवला. सही करताना त्यांचा तो स्थिर हात इतका कापला, की सासूबाईंनी पुढे होऊन कागद धरला. "करा," त्या म्हणाल्या. "मला मत द्यायचंय."