नावाआधीचं ‘सौ.’

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्हाला माझं तोंड दिसत नाही – समोर माणूस असला की माझी जीभ वळत नाही, हे मी करून पाहिलंय.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पिपरी मेघेच्या बाजूला एका खाजगी दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. पेशंटची जुनी माहिती मशीनमध्ये होती, इंग्रजी अक्षरांत. पण शोधायला बसलं की पडदा गोठायचा. समोर कण्हणाऱ्यांची रांग, आणि डॉक्टर माझ्याकडे बघणार. लाज वाटायची. मग नागपूरहून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि डेटाबेसला वेग कसा द्यायचा ते एकट्याने शिकलो. खरं सांगू? इतका आनंद मला नंतर कशातच झाला नाही.

दोष असा होता – नाव टाकलं की मशीन एकूण एक नोंद उघडून, ती अक्षरं नावात कुठेही आहेत का, ते चाळत बसायचं. मी ते बदललं. नावाची सुरुवातच त्या अक्षरांनी होत असेल तर दाखव, शब्दकोशात शब्द बघतो तसं. ‘आधी काहीही असलं तरी चालेल’ असं मशीनला सांगणारं टक्क्याचं चिन्ह तेवढं खोडलं, बस. माझं नाव टाकलं, वडिलांचं टाकलं, कंपाउंडरचं टाकलं – पापणी लवायच्या आत उत्तर. डॉक्टरांनी पेढे मागवले.

टाकून पाहिलेली सगळी नावं पुरुषांची होती. हे माझ्या लक्षात यायला नको होतं का?

काउंटरवर विमलताई बसायच्या. त्यांचा नवरा लवकर गेला होता. त्या मात्र प्रत्येक लग्न झालेल्या बाईच्या नावाआधी ‘सौ.’ टाइप करायच्या. ही जास्तीची अक्षरं कशाला, म्हणून मी एकदा हटकलंही होतं.

“नवरा जिता असतानी बाईचं नाव बोडकं काऊन लिहू, भाऊ?”

मी हसलो होतो. म्हणजे मला ठाऊक होतं. माझ्या बदलानंतर त्या बाया नुसत्या नावाने सापडणार नव्हत्या, कारण त्यांची सुरुवातच ‘सौ.’ने होती. विसरलो होतो म्हणता येईल – पण ठाऊक होतं.

पेढे खाऊन फार दिवस झाले नव्हते. पवनारची सुमन आली, तापाने बेशुद्ध. सोबत जाऊ होती. ती सांगत होती, “पहिलेबी इथंच आनलं होतं इले.” विमलताईंनी ‘सुमन’ टाकलं. मशीन म्हणालं, ही बाई इथे कधी आलीच नाही. पुन्हा टाकलं. नाहीच. इतकं झटपट, इतकं ठामपणे सांगणाऱ्या मशीनवर कोण संशय घेणार? नवा कागद निघाला, घाईत इंजेक्शन दिलं गेलं. दुपारपर्यंत सगळं संपलं.

जावेचा आक्रोश कानावर आला तेव्हाच मला ते ‘सौ.’ आठवलं. दार लोटून मी ते चिन्ह परत टाकलं आणि ‘सुमन’ शोधलं. पडदा पूर्वीसारखाच गोठला – तेवढ्या वेळात देवाला काय काय बोललो! – आणि मग उमटलं: सौ. सुमन, पवनार. खाली विमलताईंनीच टाइप केलेला शेरा. पेनिसिलीन अजिबात देऊ नये.

डॉक्टरांनी येऊन स्वतः शोधलं, तर नोंद समोर. विमलताई पांढऱ्याफटक पडल्या. “म्या दोनदा टाकलं, साहेब. नाई दिसलं.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

“स्पेलिंग चुकलं असेल,” मी म्हणालो. आवाजही कापला नाही.

दुसऱ्या दिवसापासून विमलताईंना येऊ नका म्हणून सांगितलं. पवनारला बाया म्हणत होत्या म्हणे, अहेव गेली, नशिबाची. मी नोंद ‘सौ.’ धरून आणि ‘सौ.’ वगळून, दोन्ही तऱ्हांनी सापडेल अशी दुरुस्ती केली. वेगही राखला. त्याचंही कौतुक झालं.

काही वर्षांनी नालवाडीत भाजी घेताना विमलताई भेटल्या. खूप वाळल्या होत्या. मुलाबाळांची चौकशी केली, मग माझा हात धरला.

“भाऊ, स्पेलिंग माह्याच हातून चुकलं असन ना? लय आठवून पाह्यते, पर आठवतच नाई.”

त्यांनी हात सोडला नाही.

“असेल, ताई,” मी म्हणालो.