दोन मैल, चारशे फूट

रडारच्या खोलीत सगळे तिला पाठीमागे मोजपट्टी म्हणत आणि तोंडावर ताई. पडद्यावर सरकणाऱ्या दोन ठिपक्यांकडे ती नुसती नजर टाकायची आणि सांगायची, "साडेचार मैल." यंत्रावर मोजून पाहावं तर साडेचारच. विमानतळाकडे येणाऱ्या विमानांना आकाशात रांग लावून द्यायची, हे तिचं बावीस वर्षांचं काम. नियम साधा. दोन विमानांत एक तर तीन मैलांचं आडवं अंतर हवं, नाहीतर हजार फुटांचं उभं. दोन्ही एकदम मोडता कामा नयेत. तिच्या हातून ते कधी मोडलं नव्हतं, आणि कुणी विचारलं तर हे ती मान ताठ ठेवून सांगायची.

एका मंगळवारी सकाळी पावणेअकराला ते मोडलं.

एकाच कंपनीची दोन विमानं तिच्याकडे होती. एकाचा नंबर चार-दोन-सात, दुसऱ्याचा चार-सात-दोन. तिने चार-दोन-सातला सहा हजार फुटांवर उतरायला सांगितलं. कानात उत्तर आलं ते खरखरत, शब्द एकमेकांत अडकलेले. "सहा हजार" तेवढं स्वच्छ होतं. नऊ विमानं एकदम अंगावर आलेली. तिने उत्तर मिळालं असं धरलं आणि पुढच्याकडे वळली.

उत्तर दोघांनी एकाच वेळी दिलं होतं. आणि आता चार-सात-दोनही खाली यायला लागलं होतं. त्याच्या बरोबर हजार फूट खालून एक मालवाहू विमान आडवं चाललं होतं.

पडद्यावर उंचीचा आकडा नऊ हजारांवरून आठ हजार सातशेवर आला. तिचा आवाज जागचा हलला नाही.

"चार-सात-दोन, ताबडतोब डावीकडे वळा. उतरणं थांबवा. परत नऊ हजारांवर चढा." आणि त्याच श्वासात मालवाहू विमानाला, "उजवीकडे वळा, तुमच्या वर विमान आहे."

खोलीतली धोक्याची घंटा वाजली तेव्हा दोन्ही ठिपके वळायला लागले होते. सगळ्यांत जवळ आले तेव्हा मध्ये दोन मैल आणि चारशे फूट उरले होते. प्रवाशांपैकी कुणाला काही कळलंही नसेल. फार तर कुणी खिडकीतून पाहून म्हणालं असेल, आता हे का वळलं बाई?

तिने शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारली. "माझी विमानं तू घे. मी उठते."

विभागाचे साहेब धावतच आले. "बसा ताई, पाणी प्या. काही झालं का? नाही ना? आणि चूक त्या पायलटची. दुसऱ्याला सांगितलेलं त्याने अंगावर ओढून घेतलं."

"त्याने घेतलं, ही चूक त्याची. मी ते पकडलं नाही, ही माझी," ती म्हणाली. "उत्तर नीट ऐकणं हेच तर माझं काम आहे, साहेब."

अहवाल तिने स्वतःच्या हाताने लिहिला: अर्धवट उत्तर मी पूर्ण धरलं. चौकशी होईपर्यंत तिला रडारवरून उतरवलं गेलं.

घरी सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. एके काळी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मटार सोलायचं न थांबवता.

"असं किती वेळा झालं असेल गं?"

"एकदाच, आई."

"तुझ्याकडे एकदा. बाकीच्यांकडे? आमच्याकडे दोन नंबर सारखे असले की मुली रोज गोंधळायच्या, आणि रोज गप्प बसायच्या."

दुसऱ्या दिवसापासून ती परवानगी काढून रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन बसायला लागली. दोन महिन्यांची संभाषणं तिने ऐकून काढली. कान दुखायला लागले की हेडफोन उतरवायची, खोलीत दोन फेऱ्या मारायची, पुन्हा बसायची. या दोन विमानांनी एकमेकांची उत्तरं दिल्याचे चौदा प्रसंग सापडले. प्रत्येक वेळी कुणीतरी वेळीच सावरलं होतं. लिहून मात्र एकानेही ठेवलं नव्हतं.

चौकशीच्या बैठकीला विमान कंपनीचा अधिकारी आला होता. "पाच वर्षं हेच नंबर आहेत," तो म्हणाला. "वेळापत्रकं छापून झालीत. तुमच्या माणसांनी लक्ष देऊन ऐकावं, एवढंच."

"मग आपण सगळेच लक्ष देऊन ऐकू या," म्हणत तिने प्रत्येकापुढे एक कोरा कागद ठेवला. "मी मंगळवारचं उत्तर लावते. कुठलं विमान बोललं ते लिहा. शेजारच्याच्या कागदात बघायचं नाही."

कुणीतरी हसलं. चार सेकंदांचं ते बोलणं वाजलं आणि हसू विरलं. आठ कागद गोळा झाले. पाच जणांनी चार-दोन-सात लिहिलं होतं, तिघांनी चार-सात-दोन. कंपनीच्या अधिकाऱ्याने चार-दोन-सात लिहून खाली ठसठशीत रेघ मारली होती.

"माझं बरोबर आहे ना?"

"दोघं बोलत होते. एकावर एक."

"पुन्हा लावा," तो म्हणाला. दोनदा ऐकलं त्याने. मग टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "कुठला नंबर बदलायचा?"

"तुम्ही ठरवा. फक्त नव्या नंबरात चार, दोन आणि सात नकोत."

पंधरा दिवसांत नंबर बदलला. चौकशीने तिची चूक चूकच मानली, तिच्या नोंदीत ती कायमची चढली. तिला पुन्हा परीक्षा द्यावी लागली. तीन दिवस परीक्षक पाठीशी खुर्ची टाकून बसला आणि चौथ्या दिवशी त्याने सही केली.

तिच्याच आग्रहावरून खोलीच्या दाराशी एक वही टांगली गेली. थोडक्यात निभावलेली प्रत्येक चूक त्यात लिहायची, कुणाला बोल लावायचा नाही. पहिला आठवडा ती कोरी होती. मग एका सकाळी कामावर येताना तिला पहिली नोंद दिसली. साहेबांच्या अक्षरात होती, आणि चूक नऊ वर्षांपूर्वीची होती.

तिने ती शेवटपर्यंत वाचली. मग आत जाऊन हेडफोन चढवला. पहिलं विमान तीस मैलांवर होतं.