राखेतलं फुगलेलं पिंप

मित्रांनो, जमेल तसं लिहितोय.

परवा शहाडला आमच्या बिल्डिंगमागचं सुकं गवत पेटलं आणि आग भंगारच्या गोडाऊनमध्ये शिरली. कशीबशी विझली. आज सकाळी बघतो तर एक माणूस भंगारात विकायला राखेतलं बंद, फुगलेलं पिंप हातोड्याने फोडत होता.

तळमजल्यावरच्या नंदामावशी धावल्या. "अरे, केमिकलचं आहे ते! फुटेल!"

"ए म्हातारे, घरात जा," म्हणत त्याने त्यांना ढकललं. मावशी जळक्या पत्र्यावर पडल्या. मी त्याची कॉलर धरली, तर त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं. नाकातून रक्त यायला लागलं. मला सोडून तो वळला आणि रागाने पिंपावर घाव घातला.

झाकण उडून त्याच्या तोंडावर आदळलं. त्याचा जबडा फाटला, आतलं पिवळं पाणी डोळ्यांत गेलं. तो किंचाळत राखेत लोळायला लागला. त्या वासाने आमचेही घसे जळत होते. लोक मागे सरले.

मावशी पुढे गेल्या. कोपर सोललेलं, तरी घरातून बादल्या आणून त्याच्या तोंडावर ओतत राहिल्या. "डोळे उघड रे, बंद नको करू!"

ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्याने त्यांचा हात घट्ट धरला. "मावशी, मला काहीच दिसत नाहीये."

तशी पिंपं अजून तिथेच पडलीत. महापालिकेत तक्रारीचा फोन केला, तर उत्तर मिळालं, "आग विझली ना?"

तुमच्याकडे आग विझल्यावर मागे काय उरलं, ते बघायला कधी कोणी आलंय का?