चादर वापस धाडजा

"चादर वापस धाडजा बरं साहेब!" टेम्पो सुटला तरी काका मागून ओरडायचे. कामठीच्या त्यांच्या पावरलूमवरून आमच्या कंपनीत कापड यायचं ते घरच्या जुन्या चादरीत बांधून, आणि चादर परत पोचेपर्यंत या गृहस्थांना चैन नसायचं. मी खरेदी विभागात. महिन्यातून दोनदा नागपूरहून त्यांच्याकडे जायचो, काखेत चादर घेऊन. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, जावई मुक्कामाला आला.

अशी चिकट माणसं तुम्हीही पाहिली असतील. यांच्याकडे तुटक्या सुताच्या वाती व्हायच्या, उरलेल्या गुंत्याने माग पुसले जायचे. "फेकाची घाई काहून करून राहिले? थांबा, त्याचं काम निघते," हे ठरलेलं. चहा मात्र काठोकाठ मिळायचा.

आम्ही कापडी पिशव्या विकायचो, वर हिरवं पान छापलेलं. एकदा मोठ्या गिऱ्हाइकाने विचारलं, तुम्हाला कापड देणारे पर्यावरण सांभाळतात का? झालं, मी प्रश्नावली घेऊन कामठीला. काका नापास झाले तर त्यांची ऑर्डर जाणार होती, आणि त्यांच्या चारही मागांवर आमचंच कापड होतं. हे मी त्यांना आधीच सांगितलं.

"बांधणीचं सामान पुन्हा वापरण्याचं लेखी धोरण आहे का?" मी वाचलं.

ते हसले. "चादर तुमच्याच हातात हाय ना गा. आता लिहाचं काय?"

"कागद लागतो, काका."

"अन् मंग तो कागद कुठं वापराचा?"

मी 'नाही' लिहिलं. असे बरेच 'नाही' झाले. दोन ओळी मीच टाइप करून त्यांची सही घेता आली असती. पण तेव्हा मला नियमाचा भारी अभिमान. आजही स्वतःचा राग येतो.

ऑर्डर एका मोठ्या गिरणीला गेली. तिच्याकडे जाडजूड फाइल होती. तिचं कापड प्लास्टिकमध्ये गुंडाळून येऊ लागलं.

काकांच्या शेवटच्या मालाची चादर माझ्या टेबलाखाली तशीच पडून होती. कोणत्या तोंडाने जायचं, म्हणून मी टाळत राहिलो. अखेर गेलो, तेव्हा ते वारून महिना झाला होता. माग त्याआधीच विकले होते. काकूंनी चहा दिला, काठोकाठ.

मी चादर पुढे केली. त्यांनी कोपऱ्यावरचं ठिगळ चाचपलं, नीट घडी घातली आणि चादर माझ्याच हातात परत ठेवली.

"राहू द्या तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "आता बांधाले माल कुठं हाय?"